मौला शिकलगाराचे सहा बाण

ताहेराभाभी नवऱ्याशी भांडायची ती मराठीत. एरवी त्यांच्या घरातलं बोलणं त्यांच्या मुसलमानी बोलीत चालायचं, पण भांडण निघालं की ती मराठीवर यायची. शेजारणीला नीट कळावं, एवढाच हेतू. शेजारीण म्हणजे मी. आमच्या दोन घरांत एकच भिंत, आणि माझ्या चुलीच्या वर त्या भिंतीला एक झरोका.

बारा वर्षं झाली. मी भाकरी थापत होते आणि पलीकडं ती ओरडत होती, "सुलाबाईच्या मांडीला बावीस टाके पडल्यात. बावीस! बाणाला धार कुणी लावली हुती?"

"धार चांगलीच हुती," मौला म्हणाला. "बाण वाकडा गेला. त्यात माजं काय?"

"आवं, पण तो सरळ जातोय का बघितलासा?"

"ते बघायचं काम लालाचं."

"लाला पोरगं हाय. तुमी काय पाळण्यात हाईसा?"

लाला म्हणजे माझा थोरला, लालासाहेब. फौजेतून सुट्टीवर आला होता तो दोन्ही टोकांना चाकं असलेलं नव्या तऱ्हेचं धनुष्य घेऊनच. आमच्या उसात डुकरं शिरली होती. त्यानं ना कुणाला विचारलं, ना फॉरेस्टचा कागद काढला. मौलाकडून पात्यांना धार लावून घेतली आणि मारला बाण. तो लागला मागच्या फऱ्याला. डुक्कर मेलं नाही, उसात दडून बसलं. दुसऱ्या दिवशी सुलाबाई आमच्याच उसात पाला काढायला गेली आणि ते तिच्या अंगावर आलं. अजून ती उजवा पाय ओढत चालते. म्हणजे ते भांडण अर्धं माझ्याच पोराचं होतं. मी कान देऊन ऐकत राहिले. भाकरी करपली तेवढी.

मौला शिकलगार. आमचं गाव इस्लामपूरच्या अलीकडं, आणि आसपासच्या पाच गावांतले कोयते, विळे, खुरपी धारेला त्याच्याच साणेवर लागायची. शाळा माझ्याएवढीच, दुसरीपर्यंत. त्या भांडणानंतर तो साताऱ्याला गेला. तिथं पोरी धनुष्यबाण शिकतात त्या मैदानाच्या कडेला तीन दिवस उकिडवा बसून राहिला. शेवटी तिथल्या मास्तरानं विचारलं, "चाचा, तुमची कोण हाय हितं?"

"कोण न्हाई. बाण वाकडा का जातो ते बघाय आलोय."

मास्तर भला माणूस. त्यानं सगळं दाखवलं. परत आल्यावर मौला साधा विळासुद्धा तसा देईना. स्वतः मूठभर गवत कापून बघणार, मूठ हलवून बघणार, मग देणार. बायका कावायच्या. हा ऐकायचा नाही.

यंदा दिवाळीच्या आधी तो गेला. त्याआधीचे पंधरा दिवस माझ्या डोळ्यांपुढचे आहेत.

लाला आता रिटायर होऊन घरी आहे. यंदा आमच्या मक्यात रोज डुकरं. या वेळी त्यानं रीतसर अर्ज केला, आणि कागद आला तो पंधरा दिवसांचा. लाला धनुष्य आणि बाणाच्या टोकांच्या दोन डब्या घेऊन मौलाकडं गेला. एका डबीत उडताना मिटलेली आणि लागल्यावर उघडणारी पाती, दुसरीत तीन पात्यांची आखूड, घट्ट टोकं.

मौलानं मिटणारी पाती बोटानं उघडून बघितली. "हाडावर बसलं आन् उघडलं न्हाई तर?"

"उघडतंय चाचा. कंपनीचं हाय."

"कंपनी मक्यात येणार हाय का?"

आखूड टोकं ठरली. मोठ्या पात्याला वारा धरतो, म्हणून लहान. सोनाराचा काटा आणून त्यानं सहाही टोकं तोलली. मग बाणाला बसवून बाण काचेवर उभा धरायचा आणि भोवऱ्यासारखा फिरवायचा. चार निवांत फिरले, दोन थरथरले. ते दोन परत खोलून बसवले, तेव्हा कुठं थांबले. यात तीन दिवस गेले.

मग मारून बघणं. आमच्या खळ्यावर जुन्या गाद्यांचा गठ्ठा बांधला. तीस पावलांवरून साध्या गोल टोकाचे बाण लाला मधोमध मारायचा. पात्याचे बाण मात्र चार बोटं डावीकडं जायचे.

"मग मी चार बोटं उजवीकडं नेम धरतो की," लाला म्हणाला.

"तीस पावलांवर चार. चाळीसवर किती? वारा सुटल्यावर किती?" मौला म्हणाला. "बाण आडवा सुटतोय रं. साध्या टोकाचा वाटंत सावरतो. पात्याला वारा धरतो, मग ते चुगली करतंय."

धनुष्यावर बाण टेकतो ती खुंटी त्यानं उजवीकडं सरकवली, कांद्याच्या पापुद्र्याएवढी. तीन बाण. परत एक पापुद्रा. परत तीन बाण. गादीत पातं बोथट झालं की परत धार. आठव्या दिवशी दोन बोटं उरली. दहाव्या दिवशी साधा बाण आणि पात्याचा बाण एकमेकांना खेटून बसले.

मका रोज आडवा होत होता. मी म्हणाले, "मौलाभावजी, कणसं संपल्यावर बाण देणार का?"

"वैनी, मका पुढच्या साली परत येतोय," तो म्हणाला, आणि खोकत साणेकडं वळला.

तरी बाण दिले नाहीत. उरलेल्या दिवसांत लालानं सकाळी उठून एकच बाण मारायचा, असं त्यानं फर्मान काढलं.

"एकच? सराव कसा हुणार चाचा?"

"मक्यात ते जनावर तुला दुसरा मारू देणार हाय व्हय?" डुकराचं नाव तो घेत नसे. ते जनावर.

तीन सकाळी, तीन बाण, तिन्ही जागच्या जागी. चौदाव्या दिवशी दुपारी त्यानं सहा बाण मोजून लालाच्या हातात दिले. सांजेला वनरक्षकाच्या समोर लालानं एकच मारला. डुक्कर वीस पावलं पळालं आणि बांधावर पडलं ते उठलं नाही. पंचनामा झाला. लालानं पाच बाण परत आणले. सहावा आरपार जाऊन मक्यात कुठंतरी पडला होता.

मौलाचा खोकला तोवर छातीत उतरला होता. पुढं तिसऱ्या दिवशी तो गेला. पण डुक्कर पडल्याच्या दुसऱ्या दिवशी, उजाडताना, भिंतीपलीकडून मला ताहेराभाभीचा आवाज आला. मराठीत.

"लालाला सांगा की जायला! तुमीच कशाला?"

"सहा दिलं हुतं. सहा यायला पायजेत. आठला बायका मका काढाय येत्यात, अनवाणी."

काठी घेऊन तो सरीसरीनं फिरत राहिला. बायका विळे घेऊन आल्या, त्यांना त्यानं बांधावरच थांबवलं. त्या वैतागल्या, मग बसून तंबाखू मळायला लागल्या. साडेआठच्या सुमाराला त्याची काठी एका जागी थांबली. बाण मातीत अर्धा रुतला होता. बाणाला त्या जनावराचं रक्त, म्हणून त्यानं हात लावला नाही. तिथंच उभा राहून बांधावरच्या लालाला हाक मारली.

लालानं उपसला.

"पाती मोज."

"तीन हाईत."

"मोडलंय का कुठलं?"

"न्हाई चाचा."

"मग सोड बायकांना आत. ह्यो उकळत्या पाण्यात धू, दुपारी घिऊन ये. धार गेली असंल." एवढं सांगून तो काठी टेकत बांधानं घरी गेला, चहाला.