अक्कांची शेवटची प्रकरणं

पुस्तकातली बाई मरायच्या जरा आधी अक्का मला थांबवायच्या. "ऱ्हाऊ दे आठेच. आते जित्ती शे ना ती?" म्हणायच्या आणि डाळ पाखडायचं सूप उचलून आत निघून जायच्या.

अक्का माझ्या सासूबाई. सारं आयुष्य शिंदखेड्यात गेलं, शाळा कधी पाहिली नाही. धुळ्याच्या वाचनालयातून मी कादंबऱ्या, चरित्रं आणायची आणि दुपारी वाचून दाखवायची. त्यांना बायकांचीच पुस्तकं लागत. राण्या, साध्व्या, जुन्या काळच्या डॉक्टरीणबाई, तुरुंगात गेलेल्या बायका. राणी घोड्यावर बसून लढाईला निघाली की तिचं लेकरू घरी कोण सांभाळतं, ही पहिली चौकशी. लेखकाला ते सुचलेलं नसायचं, आणि अक्का डाफरायच्या माझ्यावर, जणू मीच लिहिलंय. शेवटचं प्रकरण मात्र आमच्या घरात कुठल्याच पुस्तकाचं वाचलं जायचं नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं. आम्ही अक्कांना काही सांगितलं नाही, त्यांनी विचारलंही नाही. एका दुपारी फक्त म्हणाल्या, "आते शेवट वाच. ती मरनी तवय जोडे कोन व्हतं?"

हातात एका राणीचं चरित्र होतं, त्याचा शेवट मी वाचला. राणीजवळ दिवाण होते, वैद्य होते, दत्तक मुलगा होता. सगळ्यांची नावं होती. 'दासी रडू लागल्या', एवढं एक वाक्य.

"तोंडमा पानी कोनी टाकं?"

ते लिहिलेलं नव्हतं. जुनी पुस्तकं पुन्हा आणली, त्यांचेही शेवट वाचले. सगळीकडे तेच.

"बाईच व्हई," अक्का म्हणाल्या. "तिना नाव लिखाले पाह्यजे व्हतं."

त्या गेल्या तेव्हा घरात मी एकटी होते. चमच्याने पाणी पाजलं, त्यातलं थोडं गालावरून ओघळलं, ते पदराने पुसलं. नवरा कामासाठी जळगावला गेले होते, संध्याकाळी घरी पोचले. मला रडू आलं नाही. अजून आलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी ओट्यावर माणसं बसायला आली होती. कुणीतरी नवऱ्याला विचारलं, "भाऊ, शेवटले अक्काना जोडे कोन व्हतं?"

"बठ्ठाच व्हतूत आम्ही," ते म्हणाले.

ते खोटं बोलत नव्हते. सगळेच जवळ होतो, असं त्यांना खरंच वाटत होतं. मी रिकामे कप उचलले आणि मोरीवर जाऊन विसळले.