माहीत असतं तर दादाने काय लिहिलं असतं

वहिनीचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "वन्सं, हे गेले हो," एवढंच म्हणाली आणि पुढे नुसते हुंदके. शिवाजी नगरहून मिसरोदला, दादाच्या निवृत्तीनंतरच्या घरी पोहोचेपर्यंत रिक्षात मी दादावर चिडलेलीच होते. आदल्या रविवारी माझ्याकडे जेवलास, आवडीच्या अळूवड्या पानात टाकल्यास, तेव्हाच तोंड उघडायचंस ना, बरं वाटत नाही म्हणून! पण हा प्राणी स्वतःबद्दल कधी काही बोलेल तर शपथ. आता दीड महिना होत आला. राग ओसरला. उरली ती एकच गोष्ट, जी त्याला आतून पोखरत राहिली... ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

आम्ही मूळचे ग्वाल्हेरचे. दादा इंजिनीअर होऊन भोपाळच्या एका सरकारी कारखान्यात लागला आणि टाउनशिपच्या क्वार्टरात त्याचा संसार थाटला गेला. तिथं घर कारखान्याचं, शाळा कारखान्याची, दवाखाना कारखान्याचा, जेवायची वेळसुद्धा भोंगा ठरवणार. दादा सचोटीचा, जरा जास्तच. गणपतीत मंडळाने त्याला गाण्याच्या स्पर्धेचा परीक्षक केलं, तर माझ्या मुलीला याने शेवटचा नंबर दिला! "बेसूर गायली," म्हणाला, आणि संध्याकाळी तिच्यासाठी आइस्क्रीम घेऊन हजर. असा माणूस. म्हणून तर दुबेंच्या चौकशीवर साहेबांनी त्याला नेमलं.

दुबे क्रेन चालवायचे. दादाच्या मागच्याच गल्लीत राहायचे, तोंडओळख होती. एका पाळीत क्रेनला मोठा लोखंडी भाग टांगलेला असताना तो खाली आपटला आणि फुटला. कुणाला लागलं नाही, नशीब. आरोप असा की दुबे झोपले होते. दुबे म्हणत होते, झोप नाही, चक्कर आली. कारखान्याची रीत अशी, की चौकशी करणाऱ्याने सगळ्यांच्या साक्षी घ्यायच्या आणि एवढंच लिहायचं, आरोप सिद्ध झाला की नाही झाला. शिक्षा वरचे साहेब ठरवणार. ती काय असेल, हे त्याने विचारायचं नाही आणि त्याला कुणी सांगायचं नाही.

"हे बरंय की!" मी म्हटलं. "तू लिहून मोकळा, मग त्या माणसाचं काही का होईना."

"अगं, पूर्वी कोर्टात ज्युरी बसायची, तिलाही एवढंच विचारायचे, गुन्हा केला की नाही," दादा म्हणाला. "शिक्षा आधी कळली ना, की माणूस पुरावा बघत नाही. समोरच्याची बायकापोरं बघतो."

"मग बघावी! बायकापोरं काय खोटी असतात?"

त्यावर तो नुसता हसला. खरं सांगायचं तर त्यालाही वाटत होतं, फार तर एखादी वेतनवाढ रोखतील. आजवर तसंच होत आलं होतं. चक्कर आल्याचा काहीच पुरावा नव्हता, झोपलेलं पाहणारे दोघं होते. दादाने लिहिलं, आरोप सिद्ध. आणि दुबे बडतर्फ झाले.

नोकरी गेली की क्वार्टरही सोडायचं. मागच्या गल्लीत ट्रक लागला, तेव्हा मी दादाकडेच होते. कूलर चढला, पलंग चढले, पोरांच्या सायकली चढल्या. ट्रक निघायच्या आधी दुबेंची बायको अंगणातल्या झाडाच्या कच्च्या पपया पदरात घेऊन आली आणि वहिनीला म्हणाली, "भाभी, आप रख लो। पकने तक हम तो रहेंगे नहीं।" तिच्या मनात काही टोमणा नव्हता हो, खरंच नव्हता. दादा आतल्या खोलीत दार लावून बसला होता. त्या पपया स्वयंपाकघरात पिकल्या, सडल्या, कुणी हात लावला नाही. शेवटी मीच फेकून दिल्या.

काही वर्षांनी पुन्हा त्याच्याकडे एक चौकशी आली. एका कामगाराने भरभर काम उरकावं म्हणून यंत्रावरची सुरक्षेची जाळी काढून ठेवली होती. या वेळी दादा रीत मोडून आधी साहेबांकडे गेला आणि सरळ विचारलं, सिद्ध झालं तर काय करणार? साहेबही चहा पिता पिता सांगून बसले, काढून टाकणार. पुरावा ढळढळीत होता. दादाने लिहिलं, आरोप सिद्ध होत नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो खोटं लिहून आला आणि हे फक्त मला सांगितलं. वहिनीलाही नाही. त्याच माणसाने पुढे पुन्हा जाळी काढली आणि त्याच्या जोडीदाराची बोटं गेली... "बघितलंस?" दादा म्हणाला. मी काय बघणार, कपाळ! त्याचा हात धरून बसून राहिले. त्यानंतर त्याने चौकशीचं काम कधी घेतलं नाही. बढती अडली तरी नाही.

हे सगळं आता लिहायचं कारण, मागच्या आठवड्यात दुबे आले. मी वहिनीकडेच होते. थकलेत फार. बातमी उशिरा कळली म्हणाले. आनंद नगरात त्यांची पिठाची गिरणी आहे, हे मला तेव्हाच कळलं. आणि हेही, की दादा तिथं दळण घेऊन जायचा. मिसरोदहून इतक्या लांब आनंद नगरला, दळणासाठी! वहिनी पाणी आणायला आत गेली होती, बरं झालं.

"साब कुछ बोलते नहीं थे, दीदी. आटा पिसने तक कुर्सी पे बैठे रहते. एक ही बार पूछा, पिछले जाड़े में. बोले, दुबे, उस वक़्त मुझे मालूम होता कि तुम्हारी नौकरी जाएगी, तो मैं क्या लिखता?"

"फिर?"

"मैंने कहा, साब, आप वही लिखते. सोया तो मैं था. और आप झूठ लिखने वाले आदमी ही नहीं हैं."

दुबेंचे डोळे भरून आले होते. दादाच्या मनावरचा दगड आपण उतरवला, असं त्या भल्या माणसाला वाटलं होतं. त्या दुसऱ्या चौकशीचं त्यांना कुठून माहीत असणार? आणि दादाला तर उत्तर पक्कं माहीत होतं. नोकरी जाणार हे माहीत झालं, तेव्हा त्या दुसऱ्या माणसासाठी तो खोटं लिहून आला होता.

"उसके बाद साब आए ही नहीं," दुबे म्हणाले. "हमने कुर्सी वहीं रखी है, किसी को बैठने नहीं देते. सोचा, किसी बात पे नाराज़ हैं, गुस्सा उतरेगा तो आएँगे. हमसे कुछ गलती हो गई थी क्या, दीदी?"

"नहीं," मी म्हटलं.