ताडाच्या पानातला गूळ

इथं परदेशात, बेडोकला, आमच्या शेजारी सेल्वीअक्का राहतात, मूळच्या श्रीलंकेतल्या जाफन्याच्या. काल त्यांनी ताडाच्या पानांच्या इवल्याशा टोपलीतला गूळ माझ्या हातावर ठेवला. त्याचा धुरकट वास नाकात शिरला आणि मी थेट साताऱ्याकडच्या आमच्या घराच्या उंबऱ्यावर जाऊन उभी राहिले.

माझे वडील, अण्णा, सैन्यात सुभेदार होते. श्रीलंकेतल्या यादवीत भारतानं पाठवलेल्या शांतिसेनेतून ते त्या दिवशी पहिल्यांदाच सुट्टीवर आले होते. आई भाकरतुकडा ओवाळायला पुढे झाली, तर त्यांनी तिचा हात धरला. "मला नको ओवाळूस," म्हणाले. मग ट्रंकेतून अशीच टोपली काढून मला दिली. मी नऊ वर्षांची. तिथंच फतकल मारून गूळ चघळायला लागले.

"कुणी दिला, अण्णा?"

"एका घरात होता. माणसं नव्हती."

"कुठं गेली?"

"गाव रिकामं करायचा हुकूम मीच दिला होता, बाळ."

अण्णांचं अख्खं गाव ऐकतं, एवढंच मला कळलं. केवढा अभिमान वाटला! "मग अजून का नाही आणलात?" मी बोटं चाटत विचारलं. ते उठून परसात गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत. पुढं आयुष्यभर त्यांनी गुळाला हात लावला नाही. आम्ही त्याला लहर म्हणायचो.

"घर सोडताना माझ्या आईनं फडताळात पाच टोपल्या नीट मांडून ठेवल्या होत्या," इकडे अक्का सांगत होत्या, "परत आल्यावर चहाला होतील म्हणून. खा ना. तुझे वडील काय करायचे गं?"

गूळ तोंडात विरघळत होता.

"शेती," मी म्हणाले.