मंगळवारची बाहुली

मोठ्या सिस्टरांचा राग कायम नाकावर. बत्तीस वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात काढून निवृत्त झाल्या, तरी दर मंगळवारी दुपारी दवाखान्यातल्या व्हिडिओ कॉलच्या पडद्यासमोर हजर. पडद्यावर कुठल्याशा दूर देशातल्या नर्सा. जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाच्या तोंडावर मास्क धरून, पिशवी दाबून श्वास कसा द्यायचा, ते सिस्टर रबरी बाहुलीवर शिकवायच्या. तिकडेही तशीच बाहुली. शेजारी बसलेली दुभाषी मुलगी इकडचं तिकडे सांगायची.

त्या दिवशी मध्येच तिकडे धावपळ उडाली, चित्र धूसर झालं. दुभाषी मुलगी त्यांच्याशी हलक्या आवाजात काहीतरी बोलली. मग एका नर्सने पुन्हा मास्क धरला, पण तिचे हात लटलट कापत होते.

"अगं, बाहुलीला काय घाबरतेस? हनुवटी वर कर! दाब, सोड, सोड. दाब, सोड, सोड!" सिस्टर कडाडल्या आणि आपल्या बाहुलीवर करून दाखवत राहिल्या.

आणि बाहुली रडली. तिकडची.

सिस्टरांच्या तोंडचं पाणीच पळालं. "ते... खरं बाळ होतं?"

"आत्ताच जन्मलेलं," मुलगी म्हणाली. "तुमचं रागावणं मी सांगितलंच नाही, नुसतं दाब-सोड सांगितलं."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"तुमचे हात कापले असते, सिस्टर."

"माझे? अगं, बत्तीस वर्षांत..." म्हणत सिस्टरांनी खाली पाहिलं. रबरी बाहुलीच्या तोंडावर त्यांनी अजून दाबून धरलेला मास्क थरथरत होता.