कंट्रोलर काकांचं हैदराबाद

हैदराबादची जेवढी माहिती आमच्या समोर राहणाऱ्या कंट्रोलर काकांना होती, तेवढी खुद्द निजामालाही नसावी, यावर मी पैज लावायला तयार आहे. चारमिनारपासून बांगड्यांचा बाजार किती पावलांवर, इराणी चहा कुठल्या कोपऱ्यावर प्यावा, म्युझियम कोणत्या वारी बंद, सगळं त्यांना तोंडपाठ. फक्त ते हैदराबादला कधी गेलेले नव्हते. बीडच्या बसस्थानकावर गाड्या सोडण्यात त्यांचा जन्म गेला. रोज हैदराबादची गाडी आली की ड्रायव्हर-कंडक्टरांना चहा पाजून ते शहराची खबरबात काढत आणि घरी येऊन वहीत उतरवत. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्यांनी काकूंना शब्द दिला होता, "तुला चारमिनारावर चढवतो." पुढे तीन वह्या भरल्या, दोन्ही मुली सासरी गेल्या, काका निवृत्त झाले, पण बेत काही पक्का होईना. उन्हाळ्यात ऊन आडवं यायचं, दिवाळीत गर्दी, आणि या दोन्ही गोष्टी नसल्या की काकांना त्याचाच संशय यायचा.

वेळेच्या बाबतीत तर हा माणूस म्हणजे छळ होता. एकदा कडा गावात त्यांच्या नातेवाइकांकडे बारसं होतं. काकांनी पहिली गाडी, ती चुकली तर दुसरी, दुसरी बंद पडली तर जीप, असा सगळा आराखडा केला आणि आम्हाला घेऊन इतक्या लवकर पोहोचले, की यजमान तोंडात ब्रश धरूनच दार उघडायला आले. "लेट होन्यापरीस हे बरं," असं म्हणत काकांनी स्वतःच अंगणात खुर्च्या मांडायला घेतल्या.

गेल्या वर्षी मात्र डॉक्टरांनी काकूंचे गुडघे पाहून सांगितलं, की काय चढायचं ते आता चढून घ्या, पुढं जमणार नाही. काका त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, "आधी धारूरच्या किल्ल्यावर प्रॅक्टिस." गोवळकोंड्याच्या दरवाजात टाळी वाजवली तर थेट वर ऐकू येते, असं वहीत होतं. म्हणून धारूरला मला वर उभं करून ते खालून टाळ्या वाजवत राहिले. मी उतरलो तेव्हा काका आशेनं माझ्या तोंडाकडे बघत होते. मी खरं ते सांगितलं, "काहीच ऐकू आलं नाही." काकांचा चेहरा असा पडला, की आपण थोडं खोटं बोललो असतो तर काय बिघडलं असतं, असं मला वाटून गेलं. काकू अर्ध्या वाटेवरच दगडावर बसल्या होत्या. काकांनी वहीत नोंद केली: "अर्धा किल्ला. लिंबूपाण्यानं तरतरी."

शेवटी निघालो. वहीतल्या 'सोबत: एक, धडधाकट' या रकान्यात माझी भरती झाली होती. गाडी सुटायच्या दोन तास आधी आम्ही स्थानकावर हजर. काकूंना आणि मला सीटवर बसवून काका पाण्याची बाटली आणायला उतरले. तेवढ्यात एका म्हातारीने त्यांना गाडी विचारली, मग दुसऱ्याने विचारली, आणि बघता बघता काका ड्युटीवर रुजू झाले. आमची वेळ झाली. काकांनी घड्याळ पाहिलं, आमच्या गाडीचा पत्रा दोनदा थोपटला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "चला, जाऊ द्या!" गाडी निघाली. काका फलाटावरच.

मी बोंब ठोकली. फाटकाबाहेर गाडी थांबली तेव्हा काका बाटली घेऊन धापा टाकत आले आणि चढता चढता कंडक्टरवरच तडकले, "कावून थांबविली बे गाडी? दोन मिन्टं लेट केली ना!" काकू खिडकीकडे तोंड करून कितीतरी वेळ हसत होत्या.

चारमिनारपाशी पोहोचेपर्यंत प्रवासाने काकूंचे गुडघे टम्म सुजले होते. जिना अरुंद, पायऱ्या उंच. पहिल्या पायरीवर पाय ठेवून त्या वर बघत राहिल्या आणि मागं फिरल्या. खाली चौथऱ्यावर बसत म्हणाल्या, "न्हाई व्हायचं आता. तुमी जाऊन या. माझ्यापायी तुमी कावून ऱ्हाता?"

काकांनी उभी हयात ज्या जिन्याचा विचार केला, तो दोन हातांवर होता. त्यांनी जिन्याकडे पाहिलं, पिशवीतून वही काढली आणि काकूंच्या शेजारी बसले. "वर काय हाय ते समदं हितं लिवलंय. बस, सांगतो." आणि मला म्हणाले, "तू जाऊन ये रे. तिकीट वाया नको."

मी वर गेलो. वहीप्रमाणे तिथून गोवळकोंडा दिसायला हवा होता, शेजारच्या मशिदीच्या अंगणातली कबुतरं उडायला हवी होती. मला धूसर हवा दिसली, तारांची जाळी दिसली आणि पाठीत लोकांचे कोपर बसले. मग खाली पाहिलं. काका रिकाम्या हवेत बोट दाखवत होते आणि त्या बोटामागं काकूंची मान हळूहळू वळत होती. माझे डोळे भरून आले, हे कबूल करतो.

उतरलो तेव्हा काकूंनी विचारलं, "काय रं, हे म्हनत्यात तसंच दिसतं का वरून?" काकांनी वही मिटली आणि धारूरला पाहिलं होतं तसंच माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"अगदी तसंच," मी म्हणालो. "गोवळकोंडासुद्धा."

"मंग झालं तर," काकू पदराने चेहरा पुसत म्हणाल्या. "पाह्यला म्हनायचा आमी चारमिनार."