नापासांचा फेटा

नापास झालेल्या पोराला फेटा बांधून त्याचा सत्कार करणारा माणूस या पृथ्वीतलावर एकच झाला असावा, आणि माझं नशीब असं, की तो नेमका आमच्या हायस्कुलाच्या भिंतीला पाठ लावून कपडे शिवायला बसायचा. तो माझ्या वर्गमित्राचा, सलीमचा बाप. पिरंगुटच्या पेठेत सगळे त्यांना टेलरचाचा म्हणत, आणि भरे-लवळ्याकडून पायी शाळेला येणारी आम्ही पोरंही तेच म्हणायचो. त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं म्हणे. पण पाटीवर कायम कुणाची ना कुणाची खाकी चड्डी टांगलेली असल्यामुळे ते वाचायचा योग मला कधी आला नाही.

शाळेचा अख्खा गणवेश चाचांच्या हातचा. माप घेताना ते पोराकडे बघतच नसत, सोबत आलेल्या बापाकडे बघत. बाप धिप्पाड असला की पोरगंही आज ना उद्या तेवढं होणारच, असा हिशेब करून ते चड्डी शिवत. माझे वडील, म्हणजे दादा, गावात नावाजलेले उंच, तेव्हा पाचवीतली माझी चड्डी काय निघाली असेल ते सांगायला नको. प्रार्थनेला 'हात जोडा' म्हटलं की माझ्यापुढे धर्मसंकट उभं राहायचं. एक हात देवाला आणि एक चड्डीला, अशी मी वर्षभर प्रार्थना केली. चाचांकडे तक्रार घेऊन गेलो, तर सुईत दोरा ओवता ओवता म्हणाले, "चड्डी बराबर हाय. तूच कमी पडतुयास." पुढे सातवीत मी त्या चड्डीच्या मापाला आलो खरा, पण तोवर तिचंच आयुष्य संपलं होतं.

चाचांची स्वतःची शाळा चौथीत सुटली होती. पण त्यांचं दुकान आणि आमचा आठवीचा वर्ग यांच्यामध्ये एकच भिंत, तीही छपरापर्यंत न पोचलेली, त्यामुळे चाचांनी पलीकडे बसून आठवी किती वेळा केली याला गणती नाही. मास्तरांनी प्रश्न विचारला की पलीकडचं मशीन थांबे. मास्तर 'बरोबर' म्हणाले की भिंतीवरून टाळी येई आणि मशीन पुन्हा सुरू होई. कुणालाच उत्तर आलं नाही, तर वर्गाची अब्रू राखायला चाचा स्वतः उत्तर देत, आणि ते हमखास चुकलेलं असे. भूगोलाच्या सरांनी एकदा जगातली सर्वांत लांब नदी विचारली. वर्ग गप्प. पलीकडून आवाज आला, "मुळा."

"चाचा, नाईल," सर थकल्या आवाजात म्हणाले.

"आसंल. तुमी बघितलीया का?"

"नाही."

"मुळा मी बघितलीया," चाचा म्हणाले, आणि मशीन सुरू झालं. सरांनी तो धडा पुढच्या आठवड्यावर ढकलला.

या भिंतीवरून सलीमला दिवसातून दहा टाळ्या पडत. बापच टाळी वाजवतो म्हणून तो मान खाली घालायचा, पण उत्तर मात्र चुकवायचा नाही. मला आठवीच्या सबंध वर्षात एकच टाळी मिळाली, तीही हजेरीला 'येस सर' म्हटल्याबद्दल. चाचांचा समज झाला, की प्रश्नोत्तरं सुरू झाली.

तर हा नापासांचा सत्कार. जूनमध्ये दहावीचा निकाल लागला की पास झालेली पोरं पेढे वाटत गावातून फिरत, आणि नापास झालेली एकेक करून कुठेतरी विरघळून जात. चाचा त्यांना हुडकून आणायचे. दुकानात बसवून, गणवेशाच्या उरलेल्या पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या जोडून शिवलेला फेटा डोक्याला बांधायचे, चहा आणि बनपाव खायला घालायचे, आणि स्वतः एकटेच टाळ्या वाजवायचे. लोक हसायचे. चाचांचं म्हणणं एवढंच, "पास झाल्याल्याला समदं गाव फेटा बांधतंय. नापास झाल्यालं पोरगं मातर उघड्या डोक्यानं हिंडतंय. ऊन त्यालाच जास्ती लागतंय." लवळ्याचा एक गडी तर इतका सरावला होता, की तिसऱ्यांदा नापास होऊन आल्यावर आपणहून स्टुलावर बसला आणि म्हणाला, "चाचा, ह्या टायमाला जरा घट बांधा. मागल्या वर्सी सुटला व्हता."

आम्ही हसणाऱ्यांत पुढे होतो. मी तर सर्वांत पुढे, कारण मी पास होणार याबद्दल मला कसलीच शंका नव्हती. परीक्षा झाल्या झाल्या मी आईच्या मागे लागून कापड घेतलं आणि कॉलेजात घालायला म्हणून चाचांकडे बेलबॉटम शिवायला टाकली. पुण्यात तेव्हा तीच चालायची. चाचांनी खालचा घेर ऐकला आणि टेप खाली ठेवली. "येवढं कापड खाली कशाला? रस्ता झाडायचा हाय का?" मी त्यांना फॅशन समजावून सांगितली. "बरं," ते म्हणाले, "पन निकाल लागू दे की आधी." मी हसलो. ते हसणं आठवलं की अजून कानाच्या पाळ्या तापतात.

निकालाच्या दिवशी मी बेलबॉटम घालून शाळेत गेलो. गणितात आणि इंग्रजीत गेलो होतो. गणितात तर असा गेलो होतो, की मास्तरांनी गुणपत्रिका हातात देताना माझ्या तोंडाकडे न बघता पँटीकडे बघितलं. सलीम शाळेत पहिला आला होता. दादांनी निकाल ऐकून आवाजही चढवला नाही. शांतपणे म्हणाले, "उद्या मामाच्या ट्रकवर जा. गाडी पुसायला किन्नर पायजेच हाय त्याला. शाळा झाली तेवढी बास." मला आरडाओरडा चालला असता. आता दप्तर कायमचं सुटणार, आणि गावभर कॉलेजची पँट मिरवलेला मी ट्रकची काच पुसत याच रस्त्यानं जाणार. त्यापेक्षा स्वारगेटची एस.टी. धरावी आणि जे होईल ते होवो, असं ठरवून मी स्टँडवर जाऊन उभा राहिलो. पळून जाणाऱ्या माणसानं टेलरच्या दुकानासमोरून पळू नये, एवढी अक्कल असती तर मी नापास कशाला झालो असतो?

"ए दत्त्या, कुटं निघालास?" चाचा दारात उभे.

"कुठं नाही."

"मग हितं ये. माप ऱ्हायलंय."

"कशाचं?"

"डोक्याचं."

एस.टी. वळणावर दिसायला लागली होती. चाचांनी माझा दंड धरून मला स्टुलावर आदळलं. पांढऱ्या फेट्यासाठी इकडेतिकडे हात मारला, पण तो सापडेना, सकाळपासून दोघं-तिघं नापास होऊन गेले होते, कुणीतरी घालूनच गेला असावा. तेव्हा त्यांनी कपाट उघडलं, आतून गुलाबी, जरीच्या काठाचा कोरा फेटा काढला आणि गरागरा माझ्या डोक्याला गुंडाळायला लागले. मी रडत होतो. ते गुंडाळत होते. "मान सरळ धर. बा काय म्हनला?" मी मामाचा ट्रक सांगितला. त्यांचे हात क्षणभर थांबले. "आन् तुला काय पायजेल?" मला काय पाहिजे हे त्या दिवशी पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. मी हुंदके देत म्हणालो, "परत बसायचंय." बाहेर एस.टी. आली, थांबली आणि गेली.

इथवर रिवाजाप्रमाणे चाललं होतं. चहा-बनपाव होऊन मी घरी गेलो असतो. पण चाचांनी माझं मनगट धरलं आणि मला सरळ शाळेकडे ओढत नेलं. तिथे त्या दिवशी पंचायत समितीचे सभापती आले होते. नव्या खोलीचं उद्घाटन होतंच, तेव्हा हेडमास्तरांनी त्यातच पहिल्या आलेल्या मुलाचा गुणगौरव उरकायचं ठरवलं होतं. मंडप, कर्णा, सगळं गाव, आणि मागच्या रांगेत हाताची घडी घालून माझे दादा. चाचांनी मला बाजूच्या पायरीनं स्टेजवर चढवलं आणि स्वतः कर्णेवाल्याशी काहीतरी बोलायला वळले. नेमक्या त्याच वेळी कर्ण्यावरून पुकारा झाला, की आता सभापतींच्या हस्ते गुणवंत विद्यार्थ्याचा सत्कार.

सभापती उठले. समोर दोन पोरं. एक खाकी हाफ पँटीतलं, बोडकं, चप्पलही नसलेलं. दुसरं जरीच्या फेट्यातलं आणि बेलबॉटममधलं. माणूस फेट्यालाच हार घालतो. त्यांनी तो माझ्या गळ्यात घातला, इंग्रजी-मराठी शब्दकोश माझ्या हातात दिला, पाठीवर थाप मारली आणि कर्ण्यात म्हणाले, की हे रत्न उद्या कलेक्टर होऊन तालुक्याचं नाव काढेल. अशा वेळी शहाण्या मुलानं काय करावं? मी वाकून त्यांच्या पाया पडलो आणि कर्ण्यापाशी जाऊन आभार मानले. म्हणालो, "हे यश माझ्या गुरुजनांचं आहे." गणिताच्या सरांनी डोळे मिटून घेतले. सलीम माझ्या शेजारी उभा होता.

हेडमास्तर धावत सभापतींच्या कानाशी लागले. मंडपात आधी खसखस पिकली आणि मग जे काही पिकलं त्यानं कनात हलली. हार माझ्या गळ्यातून निघून सलीमच्या गळ्यात गेला. शब्दकोश माझ्या हातातून ओढून घ्यावा लागला, कारण माझी बोटं आखडली होती. फेट्याला मात्र कुणी हात लावला नाही. एकाच्या डोक्यावर बांधलेला फेटा उचलून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवता येत नाही. सलीमनं सत्कार तसाच बोडक्यानं घेतला. मी जमीन दुभंगायची वाट बघत होतो, तेवढ्यात चाचांनी कर्ण्याचा ताबा घेतला.

"ह्यो भऱ्याचा दत्ता. दोन इषयांत गेलाय. आक्टोबरला परत बसनार हाय. त्याच्या बानं बशीवलंय. म्हनून फेटा. वाजवा टाळ्या."

सगळ्या गावानं मागे वळून दादांकडे बघितलं. सभापतींनीही बघितलं. आपल्या हातून झालेली चूक झाकायला त्यांना काहीतरी हवंच होतं, ते म्हणाले, "वा, बाप असावा तर असा. मग, बसवताय ना?" दादांच्या हाताची घडी सुटली. "बशीवतो की," ते म्हणाले. मामाचा ट्रक तिथल्या तिथे माझ्याविना निघून गेला. टाळ्या पडल्या. माझ्या आयुष्यात मला पडलेल्या सगळ्यात मोठ्या टाळ्या त्या, आणि त्या वेळी मला मेलेलं बरं वाटत होतं.

ऑक्टोबरपर्यंत चाचांनी मला दुकानातच बसवलं. गणित शिकवायला कोण, तर सलीम. काजं करता करता तो मला समीकरणं सोडवून दाखवायचा आणि मी चुकलो की शांतपणे पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. उत्तर आलं की बापाचं मशीन थांबायचं आणि टाळी यायची, माझ्यासाठी. पेपर झाले, निकाल लागला, मी काठावर का होईना निघालो. पेढे घेऊन धावत दुकानात गेलो. चाचांनी एक तोंडात टाकला आणि म्हणाले, "ब्येस झालं. आता तुझं हितं काय काम? उजेड आडवू नगंस." मी बाहेर आलो तेव्हा मला, हे सांगायलाही लाज वाटते, थोडं वाईटच वाटलं. त्यांच्या लेखी मी आता पास झालेल्यांतला होतो.

पुढे रस्ता रुंद झाला, त्यात दुकान गेलं. चाचांचे डोळेही अधू झाले होते, ते सलीमकडे सूसला राहायला गेले. सलीम मोठा इंजिनिअर झाला. मी झालो पंचायत समितीत कारकून, आणि सभापतींच्या फजितीची ही गोष्ट मी चहाच्या टपरीपासून मुलीच्या लग्नापर्यंत इतक्या ठिकाणी सांगितली, की माणसं आधीच हसायला लागतात.

चाचा गेले तेव्हा मी सूसला भेटायला गेलो. सलीम पांढऱ्या टोपीत सोफ्यावर बसला होता. बोलता बोलता त्या दिवसाचा विषय निघाला आणि त्यानं सहज सांगितलं, की तो गुलाबी फेटा अब्बांनी त्याच्यासाठी आणला होता. खास पुण्याला जाऊन, निकालाच्या आधीच. मला हे माहीत नव्हतं. म्हणजे कधी विचार केला नव्हता. कपाटातला कोरा फेटा आणखी कुणाचा असणार?

"घरी गेल्यावर अब्बांनी विचारलं, राग आला का रे," सलीम त्याच्या स्वच्छ पुणेरी मराठीत म्हणाला. "मी नाही म्हटलं. त्यांनी ते खरं धरलं. पहिल्या येणाऱ्या मुलाला लोक एकदाच विचारतात."

मी इतकी वर्षं ही गोष्ट सांगत आलो, पण तिच्यात सलीमचं काम फक्त बोडकं उभं राहायचं होतं. आत कुणीतरी कप विसळत होतं. शेवटी मी म्हटलं, "सलीम, राग आला होता का रे?"

त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि पांढऱ्या केसांवरून हात फिरवला.

"लई आला व्हता दत्त्या," तो म्हणाला. "लई."