झुंबरबाईचं पोट आणि मिसरीची डबी

पिंप्राळ्यात लग्न निघालं की खापरावरच्या पुरणपोळ्यांसाठी झुंबरबाईला बोलावणं जायचंच. पुरण भरलेला गोळा ती हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत पसरवायची आणि चुलीवर उपड्या ठेवलेल्या खापरावर अलगद टाकायची. पोळी कधी फाटली नाही. हा लौकिक बुडवला जुळ्यांनी. दोन पोरं एकदम झाली आणि पोटाची कातडी सैल पडून मांड्यांवर उतरली, आतले स्नायूही फाकले. चुलीपुढे वाकलं की पाठ धरायची, पोटाच्या घडीत घामाने चिघळायचं. तीन वर्षं बिचारी पाहुण्यांच्या पंगतीत बसून दुसऱ्यांच्या फाटक्या पोळ्या खात होती. एवढं दुःख तिला माहेर सोडतानाही झालं नव्हतं.

१९९३ साली कळलं की सैल कातडी काढून पोट शिवणारे एक सर्जन धुळ्याला महिन्यातून दोनदा येतात. नवरा तोताराम डाळमिलमधून सुट्टी काढून तिला एसटीने घेऊन गेला. निघताना शेजारच्या वच्छलाबाईने फुकटचा सल्ला दिला, एवढी जातेच आहेस तर छातीचंही ओढून घे, एका तिकिटात दोन कामं.

डॉक्टरांनी हात लावण्याआधी अर्धा तास नुसते प्रश्नच विचारले. "हे कोणाला हवंय? तुम्हाला की यांना?"

तोताराम घाईघाईने भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागला.

"माले," झुंबरबाई म्हणाली. "माले खापरन्या पोळ्या करान्या शेतस."

आणखी मूल हवंय का? हवं असेल तर आधी मूल, मग हे. वजन वर्षभर सारखं आहे ना? कारण हा बारीक होण्याचा उपाय नव्हे. छातीचा विषय निघाला तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "तिचा काही त्रास आहे?"

"नही."

"मग राहू द्या. भूल, रक्त, जखम पिकण्याची भीती, हे सगळं शेजारणीच्या हौसेसाठी कशाला?"

मग त्यांनी कागदावर पोट काढून कमरेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेघ ओढली. एवढा व्रण जन्मभर राहणार होता.

"लुगडाखाले कोन देखस?"

दीड-दोन महिने जड उचलायचं नाही, घर कोण सांभाळेल? सासू. बिडी-सिगारेट ओढता का, तंबाखू खाता का? नही. आणि ती मनापासून खरं बोलत होती.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सिस्टरने तिला नळाशी पाहिलं. भाजलेल्या तंबाखूची काळी पूड, म्हणजे आपली मिसरी, बोटावर घेऊन बाई हिरड्या घासत होती. डॉक्टरांनी तिथल्या तिथे ऑपरेशन रद्द केलं.

"ती तंबाखू थोडी शे? ती तं दात घासानी मिसरी शे."

"तंबाखूच आहे, झुंबरबाई. तिनं कातडीला रक्त कमी पोचतं. एवढी लांब जखम जुळणार नाही, कातडी काळी पडेल. दोन महिने पूर्ण सोडा, मग या."

ज्या गल्लीने नारळ देऊन निरोप दिला, तिच्यातून तेच पोट घेऊन परत चालायचं म्हणजे काय, हे तिलाच ठाऊक. घरी येऊन ती ढसाढसा रडली. चार दिवस कसेबसे काढले. डोकं ठणकत होतं, पोट साफ होत नव्हतं. पाचव्या दिवशी हात कोनाड्यातल्या डबीकडे गेलाच, आणि तो सासूने, मंजुळाबाईने, धरला. झुंबरबाई नवी नवरी असताना तिच्या बोटावर पहिली चिमूट ठेवली होती ती याच सासूने. म्हातारीला ते आठवलं आणि तिचा चेहरा उतरला.

"तुले ही सवय मीच लायेल शे," ती म्हणाली. "आते दोन्हीजनी सोडसूत."

चाळीस वर्षांची सवय असलेल्या बाईने स्वतःची डबीसुद्धा राखेच्या खड्ड्यात उलटी केली. मग काय विचारता. दोघी रोज सकाळी एकमेकींची बोटं तपासायच्या आणि दिवसभर बडीशेप चघळत मिठाच्या खड्यावरूनही भांडायच्या. तोताराम तेवढे दिवस डबा घेऊन मिलमध्येच जेवला. पण मिसरी सुटली.

दोन महिन्यांनी ती पुन्हा धुळ्याला गेली. या खेपेला डॉक्टरांनी पोटाआधी हिरड्या पाहिल्या आणि मगच ऑपरेशन केलं. जखमेचा एक कोपरा थोडा चिघळला, पंधरा दिवसांत भरला. पुढचे तीन महिने मंजुळाबाईने सुनेला पाण्याची कळशीसुद्धा उचलू दिली नाही.

चौथ्या महिन्यात वच्छलाबाईच्या मुलाचं लग्न आलं. म्हातारीने स्वतः खापर आणून चुलीवर उपडं घातलं आणि बाजूला सरली.

"आते तू."

झुंबरबाई वाकली. पाठ धरली नाही. गोळा हातावर आला, पसरत पसरत कोपरापर्यंत गेला आणि अख्खाच्या अख्खा खापरावर उतरला. आनंदाने तिचे डोळे भरून आले, आणि ती ते धुरावर ढकलायलाही विसरली. पहिली पोळी तिने घडी करून सासूच्या ताटात ठेवली. मंजुळाबाईचं मिसरीने काळं पडलेलं बोट आता स्वच्छ झालं होतं. त्याच हाताने तिने तुकडा मोडला आणि पहिला घास सुनेच्या तोंडात घातला.